वांग्याचे घराणे : काय खावे, काय टाळावे



आज मी तुम्हांला एका घराण्याची ओळख करून देणार आहे. हे घराणे तुमच्या परसात आहे. तुमच्या भाजीच्या टोपलीत आहे. आज सकाळी चुलीवर जे कालवण शिजले, त्यातही या घराण्यातले कोणी ना कोणी होतेच.

वांगे, टोमॅटो, मिरची आणि बटाटा. ही चार भावंडे आहेत. दिसायला ती वेगळी. चवीला वेगळी. एक जमिनीखाली वाढते, तीन झाडावर लागतात. तरी शास्त्र सांगते, की ही सगळी एका कुळातली आहेत. खूण पाहायची तर फूल पाहा. वांग्याचे, बटाट्याचे, टोमॅटोचे, मिरचीचे फूल हातात घ्या. चांदणीसारखे फूल. बहुधा पाच टोके. मध्ये केसरांचा झुबका. रंग निराळा असेल, पण घडण तीच.

याच घराण्यात आणखी दोघे आहेत. त्यांची फुले लांब, नळीसारखी असतात. त्यांची नावे ऐकून तुम्ही दचकाल. एक धोतरा आणि दुसरा तंबाखू.

कोणी म्हणेल, "अहो, असं कसं? भाजी आणि विष एकाच घरात?" होय, एकाच घरात. हाताची पाच बोटे सारखी नसतात, तसेच हे. आणखी एक गोष्ट आहे. एकाच झाडाचा एक भाग खाण्याचा असतो, दुसरा विषारी असतो. बटाटा आपण खातो. बटाट्याचा पाला खात नाही. टोमॅटो खातो. त्याची पाने, देठ खात नाही. ही झाडे किड्यांपासून, जनावरांपासून स्वतःला वाचवण्यासाठी अंगात कडू विष तयार करतात. कुठे ते फार असते, कुठे अगदी थोडे.

हे ठाऊक नसले की माणसे दोन तऱ्हेने चुकतात. काहीजण उगीच भितात. वांगे नको, टोमॅटो नको, असे म्हणून स्वस्त आणि चांगली भाजी ताटातून काढून टाकतात. काहीजण मुळीच भीत नाहीत. हिरवा झालेला, मोड आलेला बटाटाही चिरून कालवणात टाकतात. "अन्न टाकू नये" म्हणतात. अन्न टाकू नये हे खरे. पण ते अन्न आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. आजचे माझे बोलणे एवढ्याचसाठी आहे.

कोण कुठले?

या चौघांत खरे आपल्या मुलखातले एकच. ते म्हणजे वांगे. ते आपल्या देशात फार जुन्या काळापासून आहे. बाकीची तीन अमेरिका खंडातून आली. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला. त्यानंतर ही झाडे जहाजांतून जगभर पसरली. आपल्याकडे ती आणण्यात पोर्तुगीजांचा मोठा हात होता. गोवा त्यांनी १५१० साली घेतला. 'बटाटा' हा शब्दही त्यांच्याच भाषेतला.

म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या काळी महाराष्ट्रात मिरची नव्हती! तेव्हा तिखटासाठी मिरी, आले, पिंपळी वापरत. मिरीवरून मिरची हे नाव पडले.

आणखी एक गंमत पाहा. परदेशातून आलेला बटाटा आपल्या उपवासाला चालतो. मिरचीही चालते. आणि मूळचे देशी वांगे चालत नाही!

टोमॅटोला कुठे वेलवांगे म्हणतात, कुठे भेदरे. युरोपातले लोक पहिल्याने टोमॅटोला फार भीत. विषारी झाडांशी त्याचे नाते आहे हे ते ओळखून होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी तो नुसता शोभेला लावत, खात नसत. त्यांनी नाते बरोबर ओळखले, पण फळ चुकीचे ठरवले. आज तेच लोक टोमॅटोवाचून जेवत नाहीत.

आता एकेकाकडे पाहू.

वांगे

वांग्यात नव्वद भागांहून जास्त पाणी असते. म्हणून काही म्हणतात, "वांग्यात आहे काय?" आहे ते चोथा. चोथ्याने पोट साफ राहते. वांग्याने पोट भरते, पण चरबी वाढत नाही. साखरेचा आजार असलेल्याला ही भाजी चांगली. जांभळ्या सालीतला रंगही शरीराला उपयोगी आहे. म्हणून कालवणाला वांगे सालीसकट घ्यावे.

एक गोष्ट मात्र सांभाळा. वांगे तेल फार पिते. कढईत तेल ओतून वांग्याचे काप तळले, तर फायदा गेला आणि तेल पोटात आले. त्यापेक्षा आपले भरीत बरे. जळगावकडे मोठे वांगे विस्तवावर भाजतात. तसे भाजून घेतले की वर थोड्या तेलाची फोडणी पुरते.

जून, बियांनी भरलेले, कडू वांगे घेऊ नये. किडलेला भाग कापून टाकावा. चातुर्मासात पुष्कळ घरी वांगे बंद असते. मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, मग वांगे सुरू होते. पावसाळ्यात किडके वांगे जास्त निघते, हे आपण पाहतोच. रीत पाळायची असेल त्याने पाळावी. पण वांगे मुळातच वाईट, असा तिचा अर्थ नाही.

वांग्याची खरी काळजी निराळी आहे. वांग्याला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. तिच्यासाठी शेतकरी औषध फवारतो. आज फवारले आणि उद्या बाजारात नेले, तर ते औषध खाणाऱ्याच्या पोटात जाते. त्याच्या घरच्यांच्याही पोटात जाते. फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, हे औषधाबरोबरच्या कागदावर छापलेले असते. आजवर तो कागद आपण फेकून देत होतो. आता तुम्हांला अक्षर आले आहे. तो कागद उघडा. आपल्या पिकाच्या नावापुढे दिवसांचा आकडा शोधा. तितके दिवस थांबा. अक्षर लहान असेल, भाषा अवघड असेल, तर कृषी सहायकाला विचारा. आणि बाजारची वांगी, टोमॅटो, मिरच्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा. धुतल्याने वरचे औषध बरेच जाते. आत मुरलेले जात नाही. म्हणून थांबणेच खरे.

टोमॅटो

टोमॅटोत क जीवनसत्त्व आहे. जीवनसत्त्व म्हणजे अन्नातले असे द्रव्य, की जे थोडेच लागते, पण त्यावाचून शरीर चालत नाही. क जीवनसत्त्व नसले तर हिरड्या सुजतात, रक्त येते, जखम लवकर भरत नाही.

पण आपल्या बायाबापड्यांनी टोमॅटो खावा, याचे दुसरे मोठे कारण आहे. आपल्या देशात २०१९ ते २०२१ या काळात सरकारने घरोघर पाहणी केली. पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या शंभर बायकांत सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. शंभरात सत्तावन्न! म्हणजे निम्म्याहून जास्त. चालताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, काम उरकत नाही. बाई म्हणते, "माझं वय झालं." वय झालेले नसते. पुष्कळदा रक्त कमी झालेले असते.

रक्ताला लोह लागते. बाजरी, कडधान्ये, पालेभाज्या यांत लोह आहे. पण हे लोह शरीर सहज उचलत नाही. ताटात क जीवनसत्त्व असेल, तर ते जास्त उचलते. म्हणून भाकरी आणि मटकीची उसळ खाताना सोबत कच्च्या टोमॅटोची कोशिंबीर घ्यावी. टोमॅटो महाग झाला, तर लिंबाची फोड पिळावी. तीही नसेल तर आवळा आहे. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नये. चहा लोहाची वाट अडवतो. तासाभराने प्यावा.

लोखंडी कढईत टोमॅटो घालून भाजी शिजवली, तर कढईतले थोडे लोह भाजीत उतरते. ते अंगी लागते. भाजी झाली की दुसऱ्या भांड्यात काढावी. पण पितळेच्या किंवा तांब्याच्या बिनकल्हईच्या भांड्यात टोमॅटो, चिंच, ताक असले आंबट काही ठेवू नये. ते कळकते आणि बाधते.

शिजवल्याने क जीवनसत्त्व कमी होते. पण टोमॅटोचा जो लाल रंग आहे, तो थोड्या तेलात शिजवला की शरीराला जास्त मिळतो. म्हणून कच्चाही खावा आणि शिजवूनही खावा.

हिरव्या टोमॅटोची चटणी आपण करतो. ताटात डावीकडे वाढतो, तेवढी खाल्ली तर भिण्यासारखे नाही. पण कच्चे हिरवे टोमॅटो मुलांना पोटभर खाऊ देऊ नये. पाने आणि देठ कोणीही खाऊ नयेत.

मिरची

हिरव्या मिरचीत क जीवनसत्त्व पुष्कळ आहे. तोलाला तोल धरले, तर संत्र्याहूनही जास्त आहे. पण संत्रे आपण आख्खे खातो, मिरची एखाद-दुसरी. म्हणून मिरचीवर सगळा भार टाकता येत नाही.

हंगेरी नावाचा देश आहे. तिथे आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी नावाचे शास्त्रज्ञ होते. क जीवनसत्त्वाचा अभ्यास करायला त्यांना ते द्रव्य पुष्कळ हवे होते. ते मिळेना. त्यांच्या गावाकडे लाल, कमी तिखट मिरची फार पिकते. एका रात्री बायकोने जेवायला ती मिरची वाढली. त्यांना ती खावीशी वाटेना. नको म्हणायचे तरी कसे? मग ते ती मिरची उचलून प्रयोगशाळेत घेऊन गेले. अशी आठवण त्यांनी स्वतःच सांगितली आहे. तपासून पाहतात तो मिरचीत क जीवनसत्त्वाचे भांडार! त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे नाव झाले, त्यात या मिरचीचाही वाटा होता.

मिरची वाळली की क जीवनसत्त्व बरेच जाते. पण लाल रंगातून शरीराला अ जीवनसत्त्व मिळते. ते डोळ्यांना हवे असते.

मिरचीचा दोष तिखटपणात आहे. मूळव्याध, पोटातला फोड, छातीत जळजळ असेल, त्याने तिखट कमी करावे. ज्याच्या घरी भाजीला तेल-मिठाशिवाय काही नसते, तो तिखटाच्या आधारावर भाकरी गिळतो. तिखटाने भाकरी जाते, पण अंगाला काही लागत नाही. मिरचीच्या ठेच्यात मूठभर शेंगदाणे घाला. त्याच ठेच्याने मग बळ येईल.

मिरचीचा दाह पाण्याने जात नाही. तिखटाचे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. ताक, दही, दूध घ्यावे. मिरची कांडताना नाकातोंडाला फडके बांधावे. लहान मूल जवळ असू नये.

मिरच्या जमिनीवर न वाळवता स्वच्छ कापडावर वाळवाव्यात. ओलसर राहिल्या की बुरशी धरते. काळी, पांढरी बुरशी आलेली मिरची तळून किंवा भाजून चांगली होत नाही. बुरशीचे विष विस्तवाने मरत नाही. ती काढून टाकावी.

बटाटा

आता बटाटा. याच्याविषयी जास्त सांगायचे आहे.

बटाट्याच्या शंभर भागांत सुमारे ऐंशी भाग पाणी असते. उरलेल्यात मुख्य म्हणजे पिठूळ भाग. तो शरीराला जोर देतो. म्हणून बटाटा भाजी कमी आणि धान्य जास्त, असे समजावे. भाताबरोबर नुसता बटाटा खाल्ला, तर ते धान्याबरोबर धान्य झाले. सोबत वरण हवे, पालेभाजी हवी. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला मऊ उकडलेला बटाटा वरणात कुस्करून द्यावा. पचायला हलका आणि स्वस्त. सालीसकट उकडला तर जीवनसत्त्व कमी वाया जाते. साखरेचा आजार असलेल्याने मात्र बटाटा मोजून खावा. आणि वडा, भजी, वेफर रोजचे नव्हेत.

आता धोका ऐका.

बटाटा उजेडात राहिला की साल हिरवी होते. हा हिरवा रंग पानांतलाच असतो. तो स्वतः वाईट नाही. पण जो उजेड बटाट्याला हिरवा करतो, तोच त्यातले विषही वाढवतो. म्हणून हिरवा रंग ही धोक्याची पताका समजा. मोड आले की मोडात आणि डोळ्यांच्या भोवती विष आणखी वाढते. या विषाला सोलॅनिन म्हणतात. ते उकडून जात नाही. तळूनही पुरते जात नाही. चुलीवर तासभर ठेवले तरी उपयोग नाही. हे नीट लक्षात घ्या. पुष्कळांना वाटते, "शिजलं म्हणजे झालं." इथे तसे नाही.

लंडनमधल्या मुलांच्या एका शाळेची हकिकत आहे. डॉक्टरांच्या एका इंग्रजी नियतकालिकात ती १९७९ साली छापून आली. सुट्टीच्या आधीपासून बटाट्याचे एक पोते शाळेत पडून होते. शाळा उघडली, तेव्हा तेच बटाटे जेवणात वापरले. त्या जेवणानंतर अठ्ठ्याहत्तर मुले आजारी पडली. उलट्या, जुलाब, पोटात कळा. सतरा मुलांना दवाखान्यात ठेवावे लागले. सुदैवाने सगळी बरी झाली. शिकलेल्यांचे शहर, मोठी शाळा. तिथेही एका जुन्या पोत्याने असे केले. आपल्याकडेही शाळेत दुपारचे जेवण शिजते. लग्नाकार्यात, सप्ताहात शेकडो पाने उठतात. पोते आले, की आधी बटाटे ओतून पाहिले पाहिजेत.

आता खरी अडचण सांगतो. बाजार उठायच्या वेळी हिरवट, मोडाळ बटाटे निम्म्या भावात मिळतात. घरी पाच-सहा खाणारी तोंडे. हातात पैसे थोडे. बाई ते घेते. तिला नावे ठेवणे सोपे आहे. पण तिलाच हे ज्ञान सगळ्यांत जास्त हवे. कारण पोर आजारी पडले तर गाडीभाडे, औषध आणि बुडालेली मजुरी. वाचले किती आणि गेले किती, हिशेब तुम्हीच मांडा. विष अंगाच्या वजनाला बाधते. बापाला जे सोसते ते तीन वर्षांच्या लेकराला सोसत नाही.

मग करायचे काय? सोपी रीत सांगतो.

बटाट्यावर लहानसा हिरवा डाग असेल, तर साल काढा आणि तो भाग खोल कापून टाका. एखादाच बारीक मोड असेल आणि बटाटा टणक असेल, तर मोड डोळ्यासकट कोरून काढा. पण बटाटा बराच हिरवा झाला असेल, मोड लांब आले असतील, तो सुरकुतला असेल, तर टाकून द्या. चव कडू लागली, घशात जळजळले, तर तोंडातला घास थुंका आणि ताट बाजूला करा. अशा साली आणि मोड गुरांनाही घालू नका. खड्ड्यात पुरा.

मुळात बटाटा हिरवा होऊच देऊ नका. तो अंधारात, कोरड्या, थंड आणि वारा खेळत्या जागी ठेवा. वर गोणपाट टाका. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. कांद्याच्या ढिगात ठेवू नका. आठवड्याला पुरतील तेवढेच घ्या. शेतातही बटाट्याला मातीची भर नीट द्या. उघडा पडलेला बटाटा शेतातच हिरवा होतो. आंबेगाव तालुक्यातल्या सातगाव पठारावरचे शेतकरी हे तुम्हांला माझ्याहून चांगले सांगतील.

घरातले घातकी

आता त्या दुसऱ्या दोघांकडे वळू.

धोतरा उकिरड्यावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला उगवतो. फूल महादेवाला वाहतात. बोंड काटेरी असते. त्याच्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. फरक असा : मिरचीचे बी पिवळट, पातळ आणि गोलसर असते. धोतऱ्याचे बी तपकिरी, जाड आणि मूत्रपिंडाच्या आकाराचे असते. चाखून मात्र कधी पाहू नका. धोतऱ्याचा कोणताही भाग खाण्याचा नाही.

मूल खेळता खेळता बोंड फोडते आणि बिया तोंडात टाकते. मग तोंड कोरडे पडते. चेहरा लाल होतो, अंग तापते. डोळ्यांतल्या बाहुल्या मोठ्या होतात. मूल बडबडते, हवेत काहीतरी धरू पाहते, आईला ओळखत नाही. घरचे म्हणतात, "पोराला बाहेरचं काही लागलं." अंगारा लावतात. देवऋष्याकडे नेतात. त्यात वेळ जातो, आणि मूलही जाऊ शकते. हे भूत नव्हे, हे विष आहे. लगेच दवाखान्यात न्या. १०८ नंबर फिरवा, गाडी येते. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. जे खाल्ले, त्याचा तुकडा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला उमगेल.

शेतातही जपा. २०१९ साली आफ्रिकेतल्या युगांडा देशात मदत म्हणून वाटलेल्या पिठात धोतऱ्याच्या जातीचे विष निघाले. सुमारे तीनशे माणसे आजारी पडली. पाच दगावली. तण पिकाबरोबर कापले गेले, तर बी धान्यात येते. सोयाबीन, मका, बाजरीच्या रानातला धोतरा बोंडे धरायच्या आतच उपटा.

तंबाखूबद्दल किती सांगावे? निपाणीकडे तंबाखूच्या रानात राबणाऱ्या बायामाणसांना ओल्या पानांचा रस नुसता अंगाला लागूनही चक्कर येते, उलट्या होतात. कातडीतून जे आत शिरते, ते तोंडात धरले तर काय करील? आपल्या बाया मिश्री लावतात. "मी तंबाखू खात नाही, नुसती मिश्री लावते," असे सांगतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने तोंडाचा कर्करोग होतो. गरोदर बाईने लावली, तर मूल कमी वजनाचे जन्मते. दात घासायला साधी बाभळीची काडी पुरते.

कामोणी नावाचे एक झुडूपही याच घराण्यातले. काही भागांत जाणती माणसे तिचा कोवळा पाला शिजवून खातात. पिकलेली काळी फळे मुले खातात. पण तिची हिरवी फळे विषारी असतात. जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय रानातले काही तोंडात घालू नये, हे मुलांना शिकवा.

शंका

शेवटी दोन-तीन शंका.

"वांगं वातूळ असतं. सांधे धरतात. खरं का?" वांगे, टोमॅटो, बटाटा खाल्ल्याने सगळ्यांचेच सांधे दुखतात, असे शास्त्राला आढळलेले नाही. पण प्रत्येकाची प्रकृती वेगळी. तुम्हांला खाल्ल्यावर त्रास होतो असे वाटले, तर एक भाजी दोन-तीन आठवडे बंद करून पाहा. फरक पडला तर सोडा. नाही पडला तर खा. डॉक्टरचे औषध मात्र बंद करू नका. वांगे खाल्ल्यावर कोणाच्या तोंडाला खाज येते, ओठ सुजतात. त्याने वांगे खाऊच नये.

"टोमॅटोच्या बियांनी मुतखडा होतो म्हणतात." बी जाऊन खडा बनत नाही. खडा व्हायला कमी पाणी पिणे हे मोठे कारण आहे. उन्हात राबणाऱ्याने पाणी भरपूर प्यावे.

"मग टोमॅटो-बटाटा कोणी टाळावा?" ज्याची मूत्रपिंडे बिघडली आहेत, त्याने डॉक्टरला विचारून खावा. ते कधी कधी कमी करायला सांगतात. बाकीच्यांनी भिऊ नये.

तर मंडळी, आता घरी गेल्यावर तीन कामे करा. पहिले, बटाट्याची टोपली उजेडात ओतून एकेक बटाटा पाहा. बिघडलेले काढा, बाकीचे अंधारात ठेवा. दुसरे, अंगणाभोवती फिरा. धोतरा दिसला तर हाताला फडके गुंडाळून मुळासकट उपटा. मग हात धुवा. तिसरे, माळ्यावर ठेवलेल्या फवारणीच्या औषधाचा कागद काढा आणि दिव्याजवळ बसून वाचा. ज्या शब्दावर अडाल, त्याच्याखाली रेघ ओढा. पुढच्या वर्गाला तो कागद घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.